'स्कॅटर' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'स्कॅटर' या शब्दासाठी मराठीत एकच नेमका प्रतिशब्द आहे का?

नाही. शब्दकोशात बहुधा 'विखुरणे' हा शब्द पहिला दिलेला असतो आणि तो चुकीचाही नाही. परंतु प्रत्येक वाक्यात तोच वापरला तर मराठी अवघडल्यासारखी वाटू लागते. इंग्रजीतील हे क्रियापद दाणे, माणसे, कागद, पाखरे, प्रकाश आणि पाऊस या सर्वांना सरसकट चालते. मराठी मात्र आधी काही गोष्टी विचारून घेते: विखुरलेली वस्तू कोरडी आहे की ओली, सजीव आहे की निर्जीव, ती कोणी मुद्दाम टाकली की हातून निसटली, आणि टाकणाऱ्याच्या मनात आनंद होता, काटकसर होती की बेफिकिरी. या प्रश्नांच्या उत्तरांनुसार दाणे सांडतात, गुलाल उधळला जातो, जमाव पांगतो, केस विस्कटतात, पाणी शिंपडले जाते आणि बी पेरले जाते. हे पान प्रामुख्याने इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यांसाठी आणि दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

हा शब्द इंग्रजीत कोठून आला?

त्याचे मूळ निश्चित नाही. 'तुकडे तुकडे होणे' या अर्थाच्या 'शॅटर' या शब्दाचे हे उत्तर इंग्लंडमधील रूप असावे, असे सामान्यतः मानले जाते. मराठी वाचकाला त्याच्या व्युत्पत्तीपेक्षा त्याची सर्वांत जुनी नोंद अधिक रंजक वाटेल. इंग्लंडमधील पीटरबरो येथील मठात बाराव्या शतकाच्या मध्यात लिहिलेल्या बखरवजा इतिवृत्तात, आधीच्या हेन्री राजाने साठवलेला खजिना स्टीफन राजाने वाटून टाकला आणि मूर्खपणाने उधळला, असा मजकूर आहे, आणि त्यातील 'उधळला' या ठिकाणी 'स्कॅटर' या क्रियापदाचे रूप येते. म्हणजे हा शब्द लेखी स्वरूपात प्रथम भेटतो तो पैशांच्या संदर्भात. आज इंग्रजीत तो अर्थ जवळजवळ लोपला आहे आणि पैसा उधळण्यासाठी 'स्क्वाँडर' हे वेगळे क्रियापद वापरले जाते. मराठीतील 'उधळणे' या शब्दाने मात्र वस्तू उधळणे आणि संपत्ती उधळणे हे दोन्ही अर्थ आजही एकत्र सांभाळले आहेत.

'उधळणे' नेमके केव्हा वापरावे?

वर हवेत फेकणे, मुक्त हस्ताने फेकणे आणि परत गोळा करण्याचा विचारही मनात नसणे, हे तीन भाव एकत्र आले की 'उधळणे' हा शब्द शोभतो. जेजुरीला खंडोबाच्या पालखीवर भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळतात. सोबत खोबऱ्याचे तुकडेही उधळले जातात आणि सोमवती अमावस्येला गडाच्या पायऱ्या पिवळ्या होतात. तेथे 'भंडारा विखुरला' असे कोणी लिहिले, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही त्यातून यात्रा नाहीशी होते. निवडणुकीच्या निकालानंतरचा गुलालही उधळलाच जातो. लग्नात मात्र अक्षता 'टाकतात'. उत्साही मित्रमंडळी त्या कितीही जोराने भिरकावत असली तरी शब्द 'टाकणे' हाच राहतो.

याच क्रियापदाचे दुसरे अंग अकर्मक आहे. घोडा किंवा बैल बिथरून वाट सोडून धावू लागला की तो 'उधळला' असे म्हणतात आणि तोच शब्द बेताल वागणाऱ्या माणसालाही लावतात. सभा उधळणे, डाव उधळणे आणि बेत उधळून लावणे या प्रयोगांत जमलेली किंवा जुळवलेली गोष्ट मोडून टाकण्याचा अर्थ येतो, आणि इंग्रजीत त्यासाठी 'स्कॅटर' मुळीच चालत नाही. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याने ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

'स्कॅटर' आणि 'डिस्पर्स' यांत फरक काय?

दोन्ही शब्द जमावाला लागू होतात, त्यामुळे गोंधळ होतो. 'स्कॅटर'मध्ये अचानकपणा आणि बेशिस्त आहे: मांजर आले आणि कबुतरे फडफडत चहूकडे उडाली, तर ती 'स्कॅटर' झाली. 'डिस्पर्स'मध्ये जमलेले हळूहळू आपापल्या वाटेने जाऊन जागा मोकळी होण्याचा भाव आहे. नाटक संपल्यावर प्रेक्षक 'डिस्पर्स' होतात. मराठीत पहिल्यासाठी 'सैरावैरा पळणे', 'चहूकडे उडणे' किंवा 'पळापळ होणे' आणि दुसऱ्यासाठी 'पांगणे' ही योजना बहुतेक ठिकाणी निभावून जाते. 'डिस्पर्स' हा शब्द लॅटिनमधील 'शिंपडणे, विखुरणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि विरळ या अर्थाचा 'स्पार्स' हा त्याचा जवळचा नातलग आहे.

पोलिसांच्या बातमीत 'जमाव तितरबितर केला' असे लिहावे का?

तसे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'तितरबितर' हा हिंदी बातमीपत्रांच्या वळणाचा शब्द आहे, आणि मराठीत 'जमाव पांगवला' हा छोटा, नेमका आणि सर्वांना समजणारा प्रयोग आधीपासून असताना तो उसना घेण्याचे कारण नाही.

येथे 'डिस्पर्स' या शब्दाला कायदेशीर वजनही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार, बेकायदेशीर जमावाला, किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा संभव असलेल्या पाच किंवा अधिक व्यक्तींच्या जमावाला, पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. पूर्वीच्या १९७३ च्या संहितेत हीच तरतूद कलम १२९ मध्ये होती. त्यामुळे अशा बातमीचे भाषांतर करताना 'पांगण्याचा आदेश दिला' आणि 'बळाचा वापर करून पांगवले' या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिली पायरी गाळली, तर आदेश न देताच लाठीमार झाला असा समज होऊ शकतो.

'स्प्रेड' हा 'स्कॅटर'चा समानार्थी शब्द मानता येईल का?

फार सैल अर्थाने मानता येईल. विखुरलेल्या वस्तूंमध्ये मोकळी जागा असते. पसरलेल्या वस्तूत ती नसते. सतरंजी पसरतात, अफवा पसरते, साथ पसरते किंवा फैलावते, भाकरीवर लोणी पसरतात. वाळवणासाठी गच्चीवर गहू घातले तर ते 'पसरले' आणि पोते फाटून रस्त्यावर पडले तर ते 'सांडले'. घरातील 'पसारा' हा शब्द याच कुळातला आहे, मात्र त्यात वस्तू अस्ताव्यस्त असल्याची तक्रारही दडलेली असते. मुलांची खेळणी खोलीभर पडलेली पाहून कोणतीही आई 'खेळणी विखुरलेली आहेत' असे म्हणत नाही; ती 'केवढा पसारा मांडला आहेस' असेच म्हणते.

स्वयंपाकघरात आणि शेतात कोणते शब्द वापरले जातात?

या दोन ठिकाणी मराठी सर्वांत श्रीमंत आहे, आणि इंग्रजीतील पाककृतींचे भाषांतर करणारे नेमके येथेच घसरतात. कोरडी, बारीक वस्तू चिमटीने वरून सोडणे म्हणजे भुरभुरणे: पोह्यांवर शेव, खोबरे आणि कोथिंबीर भुरभुरतात. तीच क्रिया पुष्कळ घरांत 'पेरणे' या शब्दानेही सांगतात, आणि 'पीठ पेरून केलेली भाजी' हा तर एक स्वतंत्र प्रकारच आहे, ज्यात शिजत आलेल्या पालेभाजीवर किंवा ढोबळी मिरचीवर डाळीचे पीठ थोडे थोडे सोडून वाफ आणतात. पाण्याचा हबका मारतात किंवा पाणी शिंपडतात. पाणी कधी भुरभुरत नाही. 'भाजीवर कोथिंबीर विखरून टाका' असे वाक्य वाचले की ही पाककृती मराठी चुलीवरून आलेली नाही, हे लगेच कळते.

शेतात बी दोन रीतींनी पडते. तिफणीने किंवा पाभरीने ओळीत टाकले तर ती पेरणी, आणि मूठ भरून हाताने सर्वत्र फेकले तर ते फोकून पेरणे. भाताच्या रोपवाटिकेत बी बहुधा असे फोकतात. शेणखताचे ढीग शेतात आणून टाकल्यावर ते 'विस्कटतात'. इंग्रजीतील 'ब्रॉडकास्ट' हा शब्द मुळात याच फोकण्याचा होता; बी दूरवर फेकणे एवढाच त्याचा अर्थ होता, आणि रेडिओने तो विसाव्या शतकात उचलला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्या नावात एक जुना शेतीचा शब्द बसलेला होता. आपण त्यासाठी 'प्रसारण' हा संस्कृत शब्द घेतला, आणि तो चांगला रुळला.

हवामानाच्या अंदाजातील 'स्कॅटर्ड' पावसाला 'विखुरलेला पाऊस' म्हणावे का?

म्हटले तर अर्थ पोचतो, परंतु नेमकेपणा हरवतो, कारण भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत हा शब्द मोजून वापरलेला असतो. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर तो 'आयसोलेटेड', २६ ते ५० टक्के केंद्रांवर झाला तर 'स्कॅटर्ड', ५१ ते ७५ टक्क्यांना 'फेअरली वाइडस्प्रेड' आणि त्याहून अधिक असल्यास 'वाइडस्प्रेड' म्हणतात. मराठी बातम्यांत यांसाठी अनुक्रमे 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'बहुतेक ठिकाणी' असे प्रयोग केले जातात. 'स्कॅटर्ड'साठी 'तुरळक' लिहिणे ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे अंदाज एका पायरीने खाली उतरतो. शिवाय या श्रेणी पाऊस किती ठिकाणी पडेल एवढेच सांगतात, किती जोराने पडेल हे सांगत नाहीत, म्हणून 'काही ठिकाणी' आणि 'मुसळधार' हे शब्द एकाच वाक्यात आले तरी त्यांत विसंगती नसते.

विज्ञानात 'स्कॅटरिंग' आणि 'डिस्पर्शन' यांना कोणते शब्द आहेत?

रोजच्या भाषेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालून जातील, परंतु भौतिकशास्त्रात ती अदलाबदल अक्षम्य आहे. पांढरा प्रकाश लोलकातून जाताना त्यातील रंग वेगवेगळे होतात, त्याला 'अपस्करण' म्हणतात. इंग्रजीत ते 'डिस्पर्शन'. प्रकाश सूक्ष्म कणांवर किंवा रेणूंवर आपटून सर्व दिशांना फेकला जातो, त्याला 'विकिरण' किंवा 'प्रकीर्णन' म्हणतात, ते 'स्कॅटरिंग'. इंद्रधनुष्यात अपस्करण दिसते, तर निळ्या आकाशात विकिरण.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांच्या नियमानुसार, तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कणांमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या सुमारे नऊपट अधिक विखुरतो. तरीही आकाश जांभळे न दिसता निळे दिसते, कारण सूर्यप्रकाशात जांभळा रंग तुलनेने कमी असतो आणि आपला डोळाही त्याला कमी प्रतिसाद देतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात शोधलेला परिणामही विकिरणाचाच आहे; त्यात विखुरलेल्या प्रकाशाच्या काही अंशाची तरंगलांबी बदललेली आढळते. या शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या तारखेला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. हिंदीत 'विकिरण' म्हणजे 'रेडिएशन', आणि मराठीत उष्णतेच्या संदर्भात त्याला 'प्रारण' म्हणतात. हिंदी पुस्तकावरून मराठी टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. 'विकिरण', 'विकीर्ण' आणि 'प्रकीर्ण' हे सर्व शब्द 'विखुरणे, उधळणे' या अर्थाच्या संस्कृत 'कॄ' धातूचे आहेत, आणि पारंपरिक व्युत्पत्ती 'किरण' हा शब्दही त्याच धातूकडे नेते. त्याच धातूतून आलेला 'संकीर्ण' मराठीत 'निरनिराळ्या प्रकारचे, एकत्र आलेले' असा, तर हिंदीत 'अरुंद, संकुचित' असा अर्थ देतो.

वनस्पतिशास्त्रातील 'सीड डिस्पर्सल' म्हणजे काय?

त्याला 'बीजप्रसार' म्हणतात. रुईचे आणि सावरीचे कापशी बी वाऱ्यावर तरंगते, ज्याला मुले 'म्हातारी' म्हणून पकडायला धावतात. नारळ पाण्यावरून जातो. आघाड्याचे बी पायजम्याला चिकटून घरापर्यंत येते. वड आणि पिंपळ पक्ष्यांच्या विष्ठेतून जुन्या भिंतींवर उगवतात. तेरड्याची पिकलेली बोंडे हात लागताच फुटून बी उडवतात. येथे 'विखुरणे' चालते, परंतु 'पांगणे' चालत नाही, कारण पांगण्यासाठी स्वतःच्या पायांनी जाता आले पाहिजे.

'डिस्पेल', 'डिसिपेट' आणि 'डिस्बर्स' हे शब्द याच गटातले आहेत का?

पहिले दोन आहेत, तिसरा नाही. 'डिस्पेल' बहुधा मनातील गोष्टींसाठी वापरतात: शंका, भीती, गैरसमज. मराठीत शंका 'फिटते' किंवा 'दूर होते', भीती 'जाते', गैरसमज 'दूर करतात'. पोलिसांनी जमाव 'डिस्पेल' केला असे इंग्रजीत लिहू नये. 'डिसिपेट' म्हणजे विरून जाणे: धुके विरते, राग निवळतो, यंत्रातील उष्णता बाहेर टाकली जाते.

'डिस्बर्स' म्हणजे रक्कम अदा करणे. बँकेच्या पत्रात कर्ज 'डिस्पर्स' झाल्याचे वाचून मी एकदा बराच वेळ हसलो होतो. कर्ज कोठे कोठे पांगले असेल, हा विचार काही केल्या मनातून जाईना. उच्चारातील 'प' आणि 'ब' यांच्या सारखेपणामुळे ही चूक सुशिक्षितांकडूनही होते.

पराभवानंतर सैन्य विखुरते, त्यासाठी कोणते शब्द आहेत?

'दाणादाण उडणे' आणि 'वाताहत होणे' हे दोन. 'दाणादाण' या शब्दात उडालेल्या दाण्यांचे चित्र उघड दिसते आणि तो क्रिकेटच्या वार्तांकनातही भरपूर वापरला जातो. 'वाताहत' म्हणजे शब्दशः वाऱ्याने मारलेले. त्यात नुसते विखुरणे नसून परत उभे राहण्याची ताकद गेल्याचा भाव आहे, म्हणून कुटुंबाची वाताहत होते, पण फलंदाजीची वाताहत झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. १४ जानेवारी १७६१ नंतर मराठीला आणखी एक शब्द मिळाला, 'पानिपत'. तो आजही संपूर्ण धूळधाण या अर्थाने सामान्यनाम म्हणून वापरला जातो.

'स्कॅटर्ड' हे विशेषण घरे, वस्त्या किंवा जमिनीसाठी कसे लिहावे?

येथे 'विखुरलेला' हा शब्द अगदी योग्य आहे. डोंगराळ भागातील वाड्या विखुरलेल्या असतात, आणि एकाच शेतकऱ्याची जमीन वारसावाटपामुळे निरनिराळ्या गटांत विखुरलेली असते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरण कायद्याचा रोख याच दुखण्यावर होता. एखाद्या व्यक्तीला 'स्कॅटरब्रेन्ड' म्हटले असेल तर मात्र 'विखुरलेल्या मेंदूचा' असे लिहिण्याचे धाडस करू नये. 'धांदरट' हा शब्द पुरेसा आहे.

'डायस्पोरा'ला 'विखुरलेला समाज' म्हणणे योग्य आहे का?

मूळ अर्थाने योग्य आहे. हा ग्रीक शब्द 'पेरणे' या अर्थाच्या क्रियापदापासून बनला असून 'स्पोअर', म्हणजे बीजाणू, हा शब्दही तेथूनच आला आहे. तो प्रथम मुख्यतः ज्यू लोकांसाठी रूढ झाला, आणि त्याचा एक धागा थेट कोकणात येतो. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. त्यांची मातृभाषा मराठी झाली, आणि इस्राएलच्या स्थापनेनंतर त्यांतील बहुसंख्य लोक ती भाषा घेऊन तिकडे गेले. परदेशात नोकरीसाठी गेलेल्या आजच्या पिढीला 'विखुरलेला समाज' म्हणणे थोडे करुण वाटते. तेथे 'परदेशस्थ मराठी समाज' असे लिहावे.

या क्रियापदांची सकर्मक आणि अकर्मक रूपे कशी ओळखावीत?

इंग्रजीत 'स्कॅटर' एकाच रूपात दोन्ही कामे करते. मराठीतही 'सांडणे', 'उधळणे', 'विस्कटणे' आणि 'विखुरणे' ही क्रियापदे तशी आहेत: दूध सांडले आणि त्याने दूध सांडले, दोन्ही शुद्ध. 'पांगणे' मात्र केवळ अकर्मक आहे; दुसऱ्याने तसे करायला लावले तर 'पांगवणे' असेच रूप हवे. 'पोलिसांनी जमाव पांगला' हे वाक्य घाईच्या बातम्यांत अधूनमधून दिसते आणि ते चूक आहे.

'स्कॅटर'चा विरुद्धार्थी शब्द कोणता, आणि 'अॅशेस स्कॅटर करणे' याला मराठीत काय म्हणावे?

विरुद्धार्थी शब्दही वस्तूनुसार बदलतात. सांडलेले दाणे वेचतात, पसारा आवरतात, विस्कटलेले केस सावरतात, पांगलेली गुरे वळवतात, विखुरलेली माणसे एकत्र येतात. पहाटे अंगणात पडलेला पारिजातकाचा सडाही वेचायचाच असतो, गोळा करायचा नसतो.

दहनानंतरची राख नदीत किंवा समुद्रात सोडण्याच्या क्रियेला इंग्रजीत सरळ 'स्कॅटर' म्हणतात. मराठीत तिला रक्षाविसर्जन किंवा अस्थिविसर्जन म्हणावे. 'राख विखुरली' किंवा 'राख उधळली' हे प्रयोग कानाला खटकतात आणि ज्या घरी ते वाचले जातील तेथे दुखावतात. या विधीची आधीची पायरी इंग्रजी मजकुरात बहुधा नसते, पण मराठीत तिला स्वतंत्र क्रियापद आहे: स्मशानात जाऊन थंड झालेल्या राखेतून अस्थी वेचणे म्हणजे 'सावडणे'. विसर्जन त्यानंतरचे.